रेनडिअरची गाडी, आपला माळ आणि गेटबाहेरचा मेंढपाळ

परवा रात्री आमच्या दहावीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ पडला. आमचा एक वर्गमित्र, मूळचा बारामती तालुक्यातलाच, आता नोकरीनिमित्त युरोपात असतो. नाताळच्या सुट्टीत बायको-पोरांना घेऊन फिनलंडच्या उत्तरेला, रोव्हानिएमीला गेला होता. व्हिडिओत पांढराशुभ्र बर्फ, दोन्ही बाजूला झाडं, पुढं एक शिंगवाला रेनडिअर चाललाय आणि मागं लाकडी घसरगाडीत कातड्याखाली गुंडाळून बसलेलं आमचं हे कुटुंब. दुपारचे दोन वाजलेत आणि अंधार पडायला लागलाय. गाडी इतकी हळू चाललेली की आपली सोमेश्वरच्या रस्त्यावरची उसाची बैलगाडी तिला सहज मागं टाकेल.

ग्रुपवर लगेच सुरू झालं. "भावा नशीब काढलंस." "किती खर्च आला?" "आपल्याकडं असलं काय नाय राव, नुसता ऊस आणि राजकारण."

शेवटच्या वाक्यावर मी अडकलो. म्हणलं, यावर लिहायलाच पाहिजे. कारण "असलं काय" आपल्याकडं आहे. बर्फ नाही, रेनडिअर नाही, हे मान्य. पण जनावर पाळणारा माणूस, त्याची जनावरं, हिवाळा आणि ते बघायला शहरातून गाडी करून येणारी माणसं, हे सगळं बारामती-इंदापुरात आहे. फक्त तिथं जो माणूस मधोमध उभा असतो, तो आपल्याकडं गेटच्या बाहेर उभा आहे. ही पोस्ट त्या माणसाबद्दल आहे. जरा लांब आहे, पण वाचा.

आधी तिकडचं सांगतो. दुसऱ्या दिवशी मी मित्राला फोन लावला आणि बातमीदाराच्या सवयीनं अर्धा तास पिळला. त्यानं सांगितलेलं आणि मी नंतर वाचून पडताळलेलं, असं मिळून लिहितो.

रेनडिअर हे तिकडं जंगली जनावर नाही, पाळीव आहे. फिनलंडमध्ये साधारण दोन लाख रेनडिअर आहेत आणि प्रत्येकाला मालक आहे. वासरू लहान असतानाच त्याच्या कानाला ठराविक आकाराचे काप देतात. प्रत्येक मालकाची कापांची खूण वेगळी आणि ती नोंदवलेली असते. उन्हाळ्यात जनावरं रानात मोकळी फिरतात, मग गोळा केली की कान बघून ज्याचं त्याला. आपल्याकडं मेंढरांच्या कानाला खूण करतात तसंच हे.

दुसरी गोष्ट ऐकून मला हसू आलं. गाडी ओढणारा रेनडिअर बहुतेक वेळा खच्ची केलेला नर असतो. म्हणजे आपला बैलच की! त्याला गाडीची सवय लावायला काही वर्षं जातात. मित्राच्या पोरानं मालकाला विचारलं, "तुमच्याकडं किती रेनडिअर आहेत?" मालक हसला आणि म्हणाला, हा प्रश्न आमच्यात विचारत नाहीत, बँकेत किती पैसे आहेत असं विचारल्यासारखं होतं. मी मित्राला म्हणलं, आपल्याकडच्या धनगराला "मेंढरं किती?" विचारून बघ. तोही आकडा सांगत नाही. "हायेत देवाच्या दयेनं" म्हणतो आणि विषय बदलतो.

तिसरी गोष्ट आपल्या सहकारी पट्ट्यातल्या लोकांनी नीट ऐकावी. फिनलंडचा सगळा रेनडिअरचा मुलूख ५४ सहकारी गटांत वाटलेला आहे. रेनडिअर पाळायचा तर गटाचं सभासद व्हावं लागतं. कुठल्या गटात जास्तीत जास्त किती जनावरं असावीत, हे सरकार ठरवून देतं. देशभरासाठी मिळून आकडा २ लाख ३ हजार ७०० आहे. एका मालकानं किती ठेवावीत यालाही मर्यादा आहे, दक्षिणेकडच्या गटांत ३०० आणि उत्तरेकडच्या गटांत ५००. म्हणजे चराईला मोकळं रान तिथंही नाही. पण मर्यादा पाळायची ती जनावरं पाळणाऱ्यांच्याच संघटनेतून. रानावर त्यांचा हक्क आहे हे गृहीत धरून मग मर्यादा घातलीय.

आणि चौथी. मित्राला गाडीत बसवणारा, नंतर आगीजवळ बसवून कॉफी पाजणारा आणि ही सगळी माहिती सांगणारा माणूस कुणी नोकर-गाइड नव्हता. तो त्या जनावरांचा मालक होता. मांस आणि कातडी हा त्याच्या घरचा जुना धंदा, हिवाळ्यात पर्यटक हा जोडधंदा. मित्रानं अर्ध्या तासाच्या फेरीचे जे काही हजार रुपये मोजले, त्यातला मोठा वाटा त्या घरात गेला.

आता आपल्याकडं या.

डिसेंबरच्या एका रविवारी पुण्याहून माझी मेहुणी, साडू आणि त्यांची दोन पोरं आली होती. पोरांना "सफारी" करायची होती. आपल्या जिल्ह्याच्या वन विभागानं २०२४ मध्ये गवताळ माळाची सफारी सुरू केली, बारामतीत शिर्सुफळला आणि इंदापुरात कडबनवाडीला. ऑनलाइन बुकिंग, ठरलेला रस्ता, सोबत गावातला गाइड. चांगला उपक्रम आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी "हा पत्रकार प्रत्येक गोष्टीला नावं ठेवतो" म्हणायला नको. ज्या माळाला आपण आयुष्यभर पडीक म्हणत आलो, तो बघायला लोक पैसे देऊन पुण्या-मुंबईहून येतात, ही साधी गोष्ट नाही.

पहाटे सहाला आम्ही शिर्सुफळला पोचलो. थंडी चांगली होती, गवतावर दव होतं. साडूनं गाडीतून उतरताच "इथं झाडंच नाहीत, जनावरं कुठं असणार?" असं विचारलं. हा प्रश्न शंभरातली नव्वद माणसं विचारतात. चिंकारा, लांडगा, खोकड, तरस, धाविक, चंडोल, हिवाळ्यात लांबून येणारे भोवत्या पक्षी, या सगळ्यांना झाडं नकोत, उघडा माळच पाहिजे. आपल्या सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झालं ते मुख्यतः चिंकाऱ्यासाठी. पण ते जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. चिंकाऱ्याला अभयारण्याची हद्द वाचता येत नाही. तो शेतातून, गायरानातून, वनाच्या माळावरून फिरतो. म्हणून हे बाकीचे माळ महत्त्वाचे.

आम्हाला सात चिंकारा दिसले, एक खोकड दिसलं, भोवत्या दिसला. लांडगा दिसला नाही. पोरं पहिला अर्धा तास खूश, मग कंटाळली. मोबाइल निघाले.

परत येताना वनाच्या हद्दीबाहेर, रस्त्याच्या कडेला एक लहानसा कळप दिसला. पन्नास-साठ मेंढरं, चार शेळ्या, एक कुत्रं आणि डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी घेतलेले एक म्हातारे बाबा. पोरं ओरडली, "काका थांबवा ना!" गाइड पोरगा भला होता, पण म्हणाला, "सर, हे सफारीत येत नाही." म्हणलं, सफारी संपली की आपली, आता थांबू.

पुढचा पाऊण तास पोरांनी एकदाही मोबाइल काढला नाही. बाबांनी दोन दिवसांचं कोकरू धाकटीच्या हातात दिलं. मेंढीला आपलं कोकरू कळपातून कसं ओळखू येतं ते सांगितलं. थोरल्यानं विचारलं, "आजोबा, लांडगा बघितलाय का?"

बाबा म्हणाले, "रोजच की. आत्ता तुमी आला त्या वगळीला जोडी हाय. काल सांजच्याला कोकरू न्हेलं."

साडू म्हणाला, "मग तुम्ही मारत नाही का त्याला?"

"त्यानं काय खायाचं मग? त्याचा बी वाटा असतोय. लई झालं की कुत्री सोडतो, हाकलतो."

साडूनं माझ्याकडं बघितलं. आम्ही पैसे भरून, जीपच्या मागं धूळ खात दोन तास लांडगा शोधत होतो. आणि लांडगा रोज कुठं असतो, केव्हा निघतो, पिलं कुठं आहेत, हे सगळं ज्याला माहीत आहे तो माणूस गेटच्या बाहेर उभा होता. त्याला त्या सफारीतून एक रुपया मिळत नाही. उलट त्याचं कोकरू गेलं.

निघताना साडूनं बाबांच्या हातात पाचशेची नोट ठेवली. बाबांनी ती घेतली नाही. म्हणाले, "कशापायी? दूध बी दिलं न्हाई तुमाला." हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

माझा मुद्दा एवढाच आहे. आपल्या माळावर लांडगा आज शिल्लक आहे त्याचं एक मोठं कारण मेंढपाळ आहे. सगळ्या देशात मिळून लांडगे तीन हजारांच्या आसपास आहेत, म्हणजे आकड्यानं वाघाच्याच बरोबरीचे. कायद्यानं त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे, पहिल्या अनुसूचीत आहे तो. पण आपल्या तालुक्यात त्याचं पोट कशावर चालतं? चिंकाऱ्यापेक्षा जास्त मेंढरा-शेळ्यांवर. म्हणजे लांडग्याचा खर्च आजवर कुणी उचलला असेल तर त्या घोंगडीवाल्या बाबांनी उचललाय. आणि आता लांडगा दाखवून पैसे मिळायला लागले, तेव्हा बाबांचं नाव यादीत नाही.

भरपाई मिळते की, असं कुणी म्हणेल. कागदावर मिळते. पण त्यासाठी वेळेत खबर द्यायची, मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही, पंचनामा होईपर्यंत थांबायचं. लांडगा कोकरू उचलून घेऊन जातो, तिथं पंचनामा कशाचा करणार? आणि ज्याचं बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर आहे, आज या शिवारात आणि उद्या पुढच्या, त्यानं तीनशे मेंढरं उपाशी ठेवून साहेबाची वाट बघायची का? म्हणून बहुतेक जण तक्रारच करत नाहीत. आणि तक्रार नाही म्हणजे नुकसान नाही, असं कागद म्हणतो.

आता दुसरी बाजू. मी वन विभागातल्या लोकांशीही बोललो. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पहिल्या पावसानंतर गवत नुकतं वर येत असतं, त्याच वेळी शेकडो मेंढरं त्यावर फिरली तर पवन्या, मारवेल यांसारखं चांगलं गवत बी धरायच्या आत संपतं आणि मागं नुसती कुसळं राहतात. मेंढरांबरोबरच्या आणि गावातल्या मोकाट कुत्र्यांचे आजार लांडग्यांना लागतात. आपल्या जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रं यांच्या संकराची प्रकरणंही पुढं आलीत, म्हणजे लांडग्याची जातच पातळ होण्याची भीती. माळाला आग लागते तेव्हा पहिलं नाव मेंढपाळाचं घेतलं जातं, कधी खरं कधी खोटं.

अडचणीचं मूळ वेळापत्रकात आहे. आपल्याकडचे मोठे वाडे दिवाळी झाली की घाटाकडं, कोकणाकडं उतरतात. मागं राहतात ती म्हातारी माणसं आणि लहान कळप, आम्हाला भेटले तसे. मृगाच्या आसपास वाडे परत येतात. म्हणजे पर्यटक जेव्हा येतो त्या हिवाळ्यात मेंढपाळ बाहेर, आणि मेंढपाळ घरी येतो तेव्हा गवत वाचवायची वेळ, म्हणून वन बंद. बारा महिन्यांत या माणसाचा आणि त्याच्याच माळाचा मेळ बसत नाही. पूर्वी बसायचा, कारण गायरानं होती, पडीक राहणारी शेतं होती. आता गायरानावर कुठं अतिक्रमण आहे, कुठं सोलर येतोय, कुठं चर खोदून झाडं लावलीत, आणि शेतात पाणी आल्यावर ऊस उभा. ऊस वाढल्याचं मला वाईट वाटत नाही, माझ्याच घरात ऊस आहे. पण उसातून मेंढरू चरत नाही हे तर खरंय.

त्यात लोकरीला भाव राहिला नाही. कातरणीचा खर्च लोकरीतून निघत नाही म्हणून लोकर बांधावर टाकून देतात, हे मी स्वतः पाहिलंय. शेतात मेंढरं बसवायचे धान्य किंवा पैसे मिळतात, तेही सगळीकडं नाही. सरकारची महामेष योजना आहे, त्यात २० मेंढ्या आणि एक मेंढानर अनुदानावर मिळतो. चांगलं आहे. पण साहेब, मेंढरं दिली आणि चरायला माळ नाही दिला, तर ती चारायची कुठं, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर?

आता कुणी म्हणेल, फिनलंड श्रीमंत, त्यांची गोष्ट वेगळी. म्हणून आधी आपल्याच तालुक्यातलं उदाहरण देतो. भिगवण. कुंभारगाव, डिकसळ. उजनीचं पाणी अडलं तेव्हा किती गावं, किती जमिनी पाण्याखाली गेल्या, ते इंदापूरकरांना सांगायला नको. त्या पाण्यावर मासेमारी उभी राहिली. मग हिवाळ्यात रोहित यायला लागले आणि त्यांच्या मागं कॅमेरेवाले. आज रोहित बघायला गेलात तर तुम्हाला नेतो कोण? मच्छीमार. त्याचीच होडी, तोच वल्हवणार, पाणी कुठं उथळ आहे, आज थवा कुठं उतरलाय हे त्यालाच माहीत. पहाटे जाळं काढतो आणि मग पर्यटक नेतो. त्याच्या घरी जेवायला मासे. सगळं काही छान आहे असं नाही. कुरवांना फरसाण टाकायची सवय लागलीय ती बंद व्हायला पाहिजे, रविवारी होड्यांची गर्दी होते, पाण्याचा वास तर विचारू नका. पण पैसा पाण्यावर जगणाऱ्याच्या हातात येतो. त्यामुळं पक्ष्याला दगड मारणाऱ्याला मच्छीमार स्वतः दम देतो. त्याला कुणी पर्यावरणाचं व्याख्यान द्यावं लागलं नाही.

मग जे भिगवणच्या होडीवाल्याला जमलं, ते शिर्सुफळ-कडबनवाडीच्या मेंढपाळाला का जमू नये?

कृषी पर्यटनातही आपण मागं नाही. पळशीवाडीच्या केंद्रानं देशाला वाट दाखवली, राज्याचं कृषी पर्यटन धोरणही २०२० मध्ये आलं. डिसेंबर-जानेवारीत हुरडा पार्ट्यांचे बोर्ड तुम्ही बघताच. चांगली केंद्रं बरीच आहेत. पण एक नाव न घेता सांगतो. गेल्या वर्षी एका ठिकाणी आम्ही हुरडा खायला गेलो. "बैलगाडी सफर" तिकिटात होती. दहा-बारा माणसं गाडीत, बैलाची मान सुजलेली, सकाळपासूनची त्याची कितवी फेरी होती देव जाणे. गाडी हाकणारा पोरगा रोजंदारीवरचा, त्याला बैलांची नावंही माहीत नव्हती. शेजारी एकाला मुंडासं बांधून, घोंगडी देऊन उभं केलेलं, फोटोसाठी. तो धनगर नव्हता, केंद्राचाच वेटर होता. जनावर पाळणारा माणूस बाजूला काढला की काय उरतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. नुसती जत्रेतली चक्री.

हा रोग तिकडंही आहे बरं का. फिनलंडच्या उत्तरेला सामी नावाचे मूळ रहिवासी आहेत, रेनडिअर ही त्यांची पिढ्यान्पिढ्यांची ओळख. पर्यटन वाढलं तसं सामी नसलेल्या लोकांना त्यांचा पोशाख घालून पर्यटकांपुढं उभं करायची पद्धत पडली. सामी लोकांनी वर्षानुवर्षं त्याला विरोध केला आणि २०१८ मध्ये त्यांच्या संसदेनं पर्यटन कसं असावं याची तत्त्वंच जाहीर केली. थोडक्यात, आमची संस्कृती दाखवायची तर आम्हाला विचारून, आमच्यासोबत.

आणि हक्काचं म्हणाल तर शेजारचे देश बघा. स्वीडनमध्ये गिर्यास नावाचा एक सामी गट सरकारविरुद्ध कोर्टात गेला. प्रश्न असा होता की त्यांच्या मुलखातल्या सरकारी जमिनीवर छोट्या शिकारीचे आणि मासेमारीचे परवाने कुणी द्यायचे, सरकारनं की त्यांनी? जानेवारी २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, गटानं. नॉर्वेत फोसेन भागात रेनडिअरच्या हिवाळी चराईच्या रानात १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते परवाने बेकायदा ठरवले, कारण त्यामुळं सामी लोकांच्या जगण्याच्या रीतीवर गदा येते. पवनचक्क्या पडल्या नाहीत, पुढं तडजोडी झाल्या. पण चराईचं रान म्हणजे रिकामी जागा नाही, हे एका देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं. आपल्याकडं सरकारी दप्तरात असल्या माळाला अजून पडीक म्हणतात. पडीक म्हणलं की कुणालाही देता येतो.

नुसतं रडगाणं गाऊन मी थांबत नाही. मला जे सुचतंय ते मांडतो, चुकत असेल तर सांगा.

एक. सफारीच्या गाइडच्या यादीत मेंढपाळ कुटुंबातली पोरं-पोरी घ्या. आत्ताची गाइड पोरं चांगली आहेत, त्यांना काढा असं मी म्हणत नाही. त्यांच्या जोडीला घ्या. या पोरांना लांडग्याचा माग काढायला शिकवावं लागणार नाही.

दोन. सफारीनंतर तासभर वाड्याची भेट ठेवा. जबरदस्तीनं नाही, ज्या कुटुंबाला हवं त्यानंच. दर त्यांनी ठरवायचा, पैसे थेट त्यांच्या खात्यावर. मेंढरांची धार, लोकरीची कातरण, घोंगडी, कोकरं, चुलीवरची भाकरी. दिवसाला किती गाड्या यायच्या तेही त्यांनी ठरवायचं. आणि फोटोसाठी कुणालाही मुंडासं बांधून उभं करायचं नाही.

तीन. चराईचं वेळापत्रक लेखी करा. माळाचे तुकडे पाडा, पावसाळ्यात अमुक तुकडा बंद, तमुक उघडा, पुढच्या वर्षी फेरपालट. किती मेंढरं, किती दिवस, हे वन विभाग, ग्रामपंचायत आणि मेंढपाळ यांनी एकत्र बसून ठरवायचं. फिनलंडमध्ये दोन लाख जनावरांचा हिशोब बसतो, आपल्या दोन गावांचा बसणार नाही?

चार. भरपाईसाठी मेंढपाळाला एका जागी बांधून ठेवू नका. मोबाइलवरचा फोटो, जागेची नोंद आणि जवळच्या पशुवैद्यकाचा दाखला एवढ्यावर काम व्हावं. कोकरू उचलून नेलं तर गावातल्या दोन साक्षीदारांवर विश्वास ठेवा. आणि याच फेरीत मेंढरांच्या आणि गावच्या कुत्र्यांना लस टोचा. लांडगा वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय तोच आहे.

पाच. सफारीच्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा मेंढपाळांच्या निधीत टाका. लांडग्याचा वाटा जर कोकरात आहे, तर मेंढपाळाचा वाटा तिकिटात पाहिजे.

यातलं काही करायला नवीन कायदा लागत नाही. एक बैठक लागते. आणि बैठकीत ज्याच्याबद्दल बोलायचं तो माणूस हजर लागतो. पण मोठे वाडे या दिवसांत घाटाकडं गेलेले असतात. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय निघाला, तरी निम्मे लोक गावात नसतील. म्हणून माझी दोन्ही गावांच्या सरपंचांना आणि वन विभागाच्या अधिकाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. २६ जानेवारीला विषय नोंदवून घ्या आणि मृगात वाडे परतले की खास सभा लावा. बिरोबाच्या देवळात लावा, वाटल्यास मेंढरांच्या वेळेनं लावा. आम्ही पत्रकार मंडळी येऊ, चहाची अपेक्षा नाही.

माझ्या मित्राला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अरे, माझे आजोबा मेंढरं राखायचे. पोरांना मी कधी सांगितलंच नाही. तिकडं पैसे देऊन रेनडिअरचा कळप दाखवला त्यांना."

उन्हाळ्यात तो गावी येणार आहे. म्हणलं, जूनपर्यंत थांब, वाडे परत आले की ये. पोरांना घेऊन जाऊ. गाडी-बिडी नाही, चालत. आणि मेंढरं किती, हे मात्र कुणी विचारायचं नाही.

तुमच्या गावात मेंढपाळांना चराईचा काय त्रास आहे, किंवा उलट मेंढरांमुळं शेतकऱ्यांना काय त्रास होतो, दोन्ही कमेंटमध्ये लिहा. जातीवरून, पक्षावरून एकही कमेंट नको, काढून टाकीन. शिर्सुफळ, कडबनवाडी, सुपे, कळस, भिगवण या भागातल्या लोकांपर्यंत ही पोस्ट पोचली तर बरं होईल. मेंढपाळ बांधवांपैकी कुणी बोलायला तयार असेल तर इनबॉक्स करा, मी तुमच्याकडं येतो.

#माळरान #मेंढपाळ #बारामती #इंदापूर